एक दिवा कमी

सुनेने भिंतीला हात लावला. तळवा नाही, बोटांची मागची बाजू. आजारी मुलाच्या कपाळाला लावतात तशी. मी पलंगावर बसून ह्यांच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत होते. आमचे हे खिडकीशी खुर्ची टाकून, बनियन पाठीला चिकटलेलं, पेपर वाचल्यासारखं करत होते. ऊन उतरलं होतं, पण पश्चिमेची ती भिंत दिवसभर प्यालेलं ऊन आता खोलीत ओकत होती. सुनेने हात तिथून काढून कोपऱ्यापाशी लावला, मग टाचा उंचावून वर छताजवळ, मग खाली फरशीला. आणि म्हणाली, "आई, ह्या भिंतीला ताप आहे." मला वाटलं, हसेल. हसली नाही. "आजपासून तुम्ही आणि बाबा आमच्या खोलीत." माझ्या हातातली पांढरी गोळी निळ्या गोळ्यांच्या कप्प्यात पडली. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून कोणी कुठे झोपायचं, कुठल्या कपाटाची किल्ली कुणाकडे, पाहुण्याला कुठली उशी, हे सगळं मी ठरवत आलेय. आणि ही काल आलेली पोर, तिने विचारलंसुद्धा नाही, सांगितलं. मला राग आला. रागाच्या पाठोपाठ, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचाच पुन्हा राग आला.

कारण ती म्हणत होती ते मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी हे न्हाणीघरात भोवळ येऊन बसले होते. पडले नाहीत, बसले. बादलीला धरून, शहाण्यासारखे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाइन लावलं आणि कॉट नाही म्हणून संध्याकाळी परत पाठवलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्यांचं हृदय थकलंय. ह्या वयात शरीर तापलं तरी माणसाला कळत नाही, तहानही लागत नाही. हा उष्मा उतरेपर्यंत ह्यांना एका गार खोलीत ठेवा, घोटघोट पाणी द्या, काही होणार नाही. नाही ठेवलंत, तर मग मला फोन करून उपयोग नाही." इतकं स्पष्ट बोलणारी बाई मला आवडते, पण त्या दिवशी आवडली नाही. ह्यांना सांगितलं तर हे हसले. आयुष्यभर जमिनींची मोजणी केलेला माणूस. खांद्यावर साखळी, डोक्यावर टोपी, भर उन्हात शेताच्या बांधाबांधाने हिंडलेला. "उन्हाशी माझी जुनी ओळख आहे," म्हणाले. ओळखीचाच माणूस घात करतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एसी घरात एकच, मुलाच्या आणि सुनेच्या खोलीत. दुसरा घेता आला असता, पण इमारत जुनी, जिन्याखालून येणारी केबल त्याहून जुनी. मागच्या उन्हाळ्यात घराघरांतून दोन-दोन यंत्रं धावली, केबल वितळली आणि सगळी इमारत ऐन उष्म्यात आंधळी होऊन बसली. तेव्हापासून नियम, एका घरात एकच. म्हणजे आमच्या ह्यांचा जीव त्या एका जुन्या, दमेकरी यंत्रावर टांगलेला. आणि ते यंत्र जिच्या खोलीत तिच्यावर.

ही सून पहिल्यांदा घरात आली तेव्हाचं मला लख्ख आठवतं. चिरंजीवांनी एका रविवारी जाहीर केलं, मुलगी नाटकात काम करते. मी म्हटलं, "नटी?" तर म्हणे, "नाही गं, ती दिवे लावते. प्रकाशयोजना." मी म्हटलं, "दिवेच लावणार दिसतेय." हे मोठ्याने हसले आणि तो विनोद मी पुढे सगळ्या नात्यागोत्यात फिरवला. मग ती आली. काळी विजार, काळा सदरा, बोटांवर भाजल्याच्या जुन्या खुणा, खिशात चिकटपट्टी. माझ्या बैठकीच्या खोलीत शिरल्या शिरल्या तिने वर दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणजे आधी दिवा, मग सासू. मी तिला मनात 'अंधारवाली' नाव ठेवलं, आणि पुष्कळ दिवस पाण्यात पाहिलं. तिला त्याचा पत्ता होता की नाही, कोण जाणे. टोमणा मारावा तर तो तिला लागायचाच नाही. त्या संध्याकाळीही मी मुद्दाम ह्यांना म्हणाले, "अहो, उशी घ्या आपली, आपण आता पाहुणे." लेकी बोले सुने लागे, पण सुनेचं लक्ष खिडकीच्या फटीकडे. तिने तिथे ओलं बोट धरलं होतं, वारा कुठून येतो ते बघायला.

मग दोन दिवस तिने जे केलं ते मी खुर्चीत बसून पाहिलं. आधी नाकं मुरडत, नंतर मुरडायचं विसरून. थिएटरातून टेम्पो भरून सामान आलं. जुन्या नाटकांच्या नेपथ्यातल्या लाकडी चौकटी, त्यांच्यावर ताणलेलं कापड, कापडावर रंगवलेला राजवाडा. त्या चौकटी तिने खिडकीच्या आतून नाही, बाहेरून टांगल्या, काचेपासून हातभर अंतर ठेवून. "पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, आई. मग ते बाहेर कसं जाणार? त्याला दाराबाहेरच थांबवायचं." राजवाड्याला तिने वरून पांढरा रंग फासायला घेतला, गडद रंग ऊन पितो म्हणून, पण रंग पुरला नाही, तेव्हा वरचे दोन सज्जे आणि एक मोर तसेच राहिले. रस्त्यावरून आमचं घर असं दिसायचं की भाजीवाला वर बघून म्हणाला, "काय महाराज, दरबार कधी?" आतून मात्र थिएटराचे जाड काळे पडदे. दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची वळकटी. पंख्याचं पातं न् पातं पुसलं. एसीच्या जाळ्या काढून नळाखाली धरल्या, त्यातून निघालेली राखाडी धूळ मला आणून दाखवली, आणि म्हणाली, "हे नाकात घालून धावत होता बिचारा." तिने यंत्राला बिचारा म्हटलं ते मला आवडलं. मीही यंत्रांना असंच म्हणते. तिच्या कामात हात कुठे थांबत नव्हता आणि कुठे घाई करत नव्हता. असा हात मी आयुष्यात फार थोड्या जणींचा पाहिलाय, आणि त्यातल्या एकीचं नाव घ्यायला मला संकोच वाटू नये, पण वाटतो. ती मी.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आता तसलं काही उरलं नाही. लांबच लांब बोर्ड, त्याच्यापुढे ओळीने उंच स्टुलं, कानाला हेडफोन, आणि समोर भोकांची नुसती चाळणी. एक वायर ओढायची, दुसऱ्या भोकात खुपसायची, दोन अनोळखी माणसं बोलू लागायची. ऐकायचं नाही असा नियम. पण लाइन जिवंत आहे की मेलीय, हे ऐकल्याशिवाय कसं कळणार? तेव्हा आम्ही शब्द ऐकायचो नाही, लाइन ऐकायचो. तिची एक गुणगुण असते. ती जरा खरखरली की कळायचं, कुठेतरी पाणी शिरलंय. तो कान अजून माझ्याकडे आहे. बाकीचं सगळं ढिलं झालं.

खोलीत राहायला गेले तेव्हा पहिले दिवस फार अवघड गेले. सुनेच्या उशीचा वास, तिच्या आरशाला चिकटवलेल्या टिकल्या, मुलाचे मोजे, हे सगळं आपण पाहू नये असं काहीतरी पाहतोय असं वाटायचं. रात्री ती दोघं जमिनीवर गादी टाकून, आम्ही पलंगावर. मी नव्याने लग्न होऊन आले तेव्हा ह्याच घरात सासूबाईंच्या आणि आमच्या मध्ये एक पडदा होता. सासूबाई रात्री खोकायच्या, आणि मला कायम वाटे की त्या मुद्दाम खोकतायत. आता मला खोकला यायचा तर मी उशीत तोंड खुपसायचे. हे मात्र निवांत. मोजणीवरच्या तंबूत दहा माणसांत झोपायची सवय. चिरंजीव दुसऱ्या दिवशीच कुरकुरले, "अठरावर ठेव ना, सव्वीस म्हणजे काय एसी झाला?" आणि मीही, कबूल करते, ती आंघोळीला गेलेली पाहून रिमोट उचलला आणि आकडा खाली खाली नेला. ती परत आली, रिमोटकडे न बघताच तिला कळलं. आवाजावरून. "आई, खाली नेलं म्हणून लवकर गार होत नाही. तेवढ्याच वेगाने होतं, फक्त थांबायचं विसरतो. ड्रायव्हरला दहादा सांगितलं म्हणून बस लवकर पोचते का?" आणि वरचा पंखा हळू चालू केला. "सव्वीस आणि हा वारा. अंगाला चोवीस वाटेल." वाटलं. ह्यांना गारठा बाधत नव्हता, सांधे धरत नव्हते. ऊन चढायच्या आधी, सकाळीच ती यंत्र सुरू करायची. खोली तापली की मग ती गार करणं म्हणजे भांडण झाल्यावर समजूत घालणं, म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. माझ्याकडे पाहून शिकली असेल. पहाटे मात्र सगळ्या खिडक्या सताड उघड्या, स्वयंपाक त्याच वेळी उरकलेला, आणि उजाडून ऊन भिंतीला शिवलं की घर बंद.

आणि दिव्यांचा हिशोब. तो तिने पहिल्याच दुपारी मांडला. चिरंजीव म्हणाले, मी घरूनच काम करतो, लॅपटॉप घेऊन इथेच बसतो. ती म्हणाली, "नाही. तू ऑफिसात जा." का, तर म्हणे, "माणूस म्हणजे शंभराचा एक दिवा. नुसता बसला तरी तेवढी उष्णता टाकतो. बाबा एक, आई दोन. तू तीन, तुझा लॅपटॉप साडेतीन. दुपारी ह्या यंत्राला तीन झेपत नाहीत." चिरंजीव, ज्यांना घरातल्या कामात उंटावरून शेळ्या हाकायची सवय, ते मुकाट्याने टिफिन घेऊन निघाले. मी विचारलं, "आणि तू?" "मला थिएटरवर काम आहे. दिवे पुसायचेत, उतरवायचेत. रोज दुपारी जाईन." जाताना दारातून तिने एकच नियम घातला. "भर दुपारी हे दार उघडायचं नाही. पाण्याची सुरई आत, गोळ्या आत, न्हाणीघर खोलीला लागून. दार उघडलंत की सकाळपासूनची कमाई गेली. संध्याकाळी मीच उघडेन." हे पडल्या पडल्या म्हणाले, "तुरुंगाधिकारी बरी आहे." आणि तिने जाताना त्यांच्या पायाला हात लावला. नमस्कार नव्हे. घोट्याशी बोट दाबून सूज पाहिली, आणि गेली.

त्या दुपारी. मला नीट सांगता येणार नाही, पण त्या दुपारींत मी इतकी सुखी होते की लाज वाटायची. बाहेर जग भाजत होतं, पक्षी झाडांखाली चोच वासून पडत होते असं पेपरात येत होतं, आणि आम्ही दोघं त्या काळ्या गार पेटीत. डोळे उघडे ठेवले तरी अंधार. तो नुसता अंधार नव्हता. तिने केलेला होता, नेटका, कुठे गळती नसलेला. तिने एकदा सांगितलं होतं, नाटकात उजेड करायचा तर आधी काळोख पुरा करावा लागतो, नाहीतर थोडा दिवा दिसतच नाही, सगळे मोठेच लावावे लागतात. इथे तिने उष्णतेचा काळोख केला होता, आणि मग त्यात थोडीशी थंडी लावली होती. तेवढी पुरत होती. मी पडल्या पडल्या यंत्र ऐकायचे. ते एका लयीत घुमायचं, मग आपणहून थांबायचं, पंखा तेवढा फिरत राहायचा, आणि पुन्हा हलकेच लागायचं. तेच ते पूर्वीचं दमेकरी यंत्र. मधूनच कधी ते पटकन बंद व्हायचं, नेहमीचं नव्हे, खट्कन, कुणीतरी केल्यासारखं. आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळाने पुन्हा सुरू. मला वाटायचं, वीज गेली असेल नि आली असेल. ह्यांच्या छातीवर हात ठेवून मी ठोके बघायचे. "अजून आहे," हे म्हणायचे. मग आम्ही कुजबुजत बोलायचो. इतकं आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षातही बोललो नव्हतो. तेव्हा पडद्यापलीकडे खोकला होता.

मला तिचं काहीतरी देणं लागतंय असं वाटू लागलं. आणि सासूला सुनेचं कौतुक सरळ तोंडाने करता आलं असतं तर जगात पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या. मला कृती सुचते, शब्द सुचत नाहीत. ज्या दिवशी रेडिओ सांगत होता की आजच्याइतकं ऊन कुणाच्या आठवणीत नाही, त्या सकाळी मी मागच्या बाल्कनीत गेले. तिथे एसीचा बाहेरचा डबा. ती रोज सकाळी तो बघून जायची, त्या दिवशीही नुकतीच बघून गेली होती. त्याच्यावर उंच आडवी फळी तिने सावलीला ठेवली होतीच. पण ऊन तिरपं येऊन त्याच्या अंगावर पडत होतं, पत्र्याला हात लावला तर चटका बसला. बिचारा, म्हटलं. आत आम्हाला गार करतोय आणि स्वतः बाहेर जळतोय. घरातल्या एखाद्या बाईसारखा. मी जाड चादर भिजवली, पिळली, आणि त्याच्या अंगाभोवती नीट गुंडाळून, खाली गाठ मारली, तापकऱ्याला ओली घडी बांधतात तशी. इतकं छान काम केलं की वाटलं, संध्याकाळी तिला दाखवीन. मग आत जाऊन दार लावून पडले.

करायला गेले एक. दुपार चढली तसं मला आधी कानाला कळलं, अंगाला नंतर. गुणगुण जड झाली. मग ती थांबेनाच. रोज मधे मधे श्वास घ्यायचं ते यंत्र एकसारखं ओढत राहिलं, चढ चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. पंख्याचा वारा कोमट लागू लागला. मी ह्यांच्या मानेला हात लावला. ओली नव्हती, कोरडी आणि कढत. "अहो, पाणी प्या." "नको." "प्या म्हणते ना." घोट घेतला, ओठांवरून सांडला. "साखळी ओढ जरा," म्हणाले. "कसली साखळी?" "ढिली पडलीय. माप चुकेल." हे कुठल्यातरी शेतात उभे होते, कुठल्यातरी जुन्या उन्हात. आणि दार उघडायचं नाही हा नियम. मी उठून दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. मोडला तर आहे ती थंडी जाणार, नाही मोडला तर जातेच आहे. मी ओला नॅपकिन ह्यांच्या मानेवर ठेवला, वळकटी पायाने सारली आणि दार उघडलं.

बाहेरची हवा अंगावर आली ती भट्टीचं दार उघडल्यासारखी. डोळ्यांपुढे पांढरं. आणि त्या पांढऱ्यात, हॉलच्या कोपऱ्यात मीटरच्या बोर्डाखाली, स्टुलावर एक काळी आकृती. पाय बादलीत, मानेवर ओला पंचा, शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा लाल. समोर बोर्डावर तिने बसवलेला व्होल्टेजचा काटा, आणि एक हात मेन स्विचवर. सून. तिने मान वळवली आणि पहिले शब्द काढले, "दार! आई, आधी दार लावा." मी लावलं. मग आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "आवाज बदललाय." ती उठतच होती. दोघी बाल्कनीत धावलो. म्हणजे ती धावली, मी मागून. चादर कधीच वाळून कडक झाली होती. डब्याने ती आपल्या पाठीच्या जाळीवर आत ओढून धरली होती, नाकातोंडावर उशी दाबल्यासारखी, आणि समोरचा पंखा स्वतःचीच गरम हवा परत गिळत होता. तिने आधी आत जाऊन स्विच पाडला, मग गाठ सुटेना तशी दातांनी सोडवली, चादर ओढून फेकली. "ओली घडी," मी म्हणाले, "मी बांधली. मला वाटलं..." ती धापा टाकत होती. मला वाटलं आता बोलेल, बोलू दे, बोललीच पाहिजे. ती म्हणाली, "सावली चालते त्याला, आई. पांघरूण नाही. त्याची पाठ मोकळी लागते." बस्स. आणि स्वतःच्या मानेवरचा पंचा काढून माझ्या डोक्यावर टाकला.

आम्ही बोर्डाशी उभ्या राहिलो, चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. लगेच लावला तर जळतो, म्हणाली. तिचा डोळा काट्यावर. मी विचारलं, "तू थिएटरवर नाही गेलीस?" "थिएटर बंद आहे. उष्मा सुरू झाला तेव्हापासून." "मग रोज दुपारी?" मीच बघितलं. स्टूल, बादली, भिंतीला टेकून टेकून पडलेला तिच्या डोक्याचा तेलकट डाग, पाण्याच्या बाटल्या. दुपारी इमारतीचा भार वाढला की काटा खाली कोसळायचा. तसा कोसळला की ती यंत्र जळण्याआधी बंद करायची, सावरला की लावायची. ते खट्कन. रोज. त्या भट्टीत बसून. "अगं, पण आत येऊन बसायचंस, तिथून उठून येता आलं असतं," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. "दार उघडावं लागलं असतं सारखं. आणि आई, मी आत आले की तीन दिवे झाले." मग जरा हसली. "एक दिवा कमी, एवढंच. शिवाय प्रयोग चालू असताना दिवेवाल्याने बोर्ड सोडायचा नसतो." काटा वर आला. तिने स्विच लावला. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. यंत्र घुमलं, जड होतं, मग हळूहळू हलकं झालं, मग त्या त्याच्या लयीत गेलं. "जा," ती म्हणाली, "बाबांना पाणी द्या. अंग ओलं पुसा." मी गेले. सांजवेळेपर्यंत मी ह्यांची मान, काखा, तळवे पुसत राहिले, चमच्याने पाणी घालत राहिले. पडद्याची कड लाल होऊन विझायला आली तेव्हा ह्यांना घाम फुटला. मी तो हाताने निपटला आणि रडले. "काय झालं गं?" हे म्हणाले. "साखळी सरळ झाली," मी म्हणाले.

त्या रात्री मला एक्स्चेंजमधल्या दिवसांतलं एक वादळ आठवत होतं. शहरभर झाडं पडली होती, तारा तुटल्या होत्या, आणि ज्या थोड्या लाइनी जिवंत होत्या त्यांच्यावर सगळं गाव ओरडत होतं. माझी पाळी संपली, पुढची बाई पोचलीच नाही. मी बसून राहिले. दवाखाना, आगीचा बंब, कुणाची आई, कुणाचा मुलगा. पाठीतून कळा, हातांना वायरी सापडेनात. आमच्यात एक पद्धत होती. पाळी बदलताना बोलायचं नाही, हाक मारायची नाही, कारण कानात लाइन असते. नवी बाई मागून येऊन खांद्यावर हात ठेवायची. हात ठेवला की आपण वळून पाहायचं नाही. हेडफोन काढून तिच्या हातात द्यायचा आणि डावीकडून उठायचं, ती उजवीकडून बसायची. एकही लाइन तुटायची नाही. त्या दिवशी किती वेळाने तो हात आला मला माहीत नाही. कुणाचा होता तेही पाहिलं नाही. पण त्या हाताचं वजन माझ्या खांद्यावर अजून आहे. आणि ही पोर रोज तिथे बसली होती, आणि हात ठेवायला कुणी नव्हतं. मी आत गार अंधारात सुखात पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं, "दुपारचा पहिला भाग मी बसणार." ती नाही म्हणाली. चिरंजीव नाही म्हणाले, मी रजा घेतो म्हणाले. त्यांनाही एक भाग दिला, शेवटचा, चहा होण्याच्या वेळचा, पण त्यांच्या कानावर माझा भरवसा नाही. सून म्हणाली, "आई, तुम्हाला सोसायचं नाही." मी म्हणाले, "हॉल भर दुपारपर्यंत तापत नाही, मला शिकवू नकोस. पाय बादलीत, पाणी शेजारी, चक्कर वाटली तर हाक मारीन. आणि सासू म्हणून सांगत नाहीये. ऑपरेटर म्हणून सांगतेय." तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच आधी माझ्याकडे पाहिलं, दिव्याकडे नाही. "म्हणजे तुम्हीपण बोर्डवाल्या," म्हणाली. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नव्हतं. मग तिने मला काटा समजावला. ह्या लाल रेघेखाली आला की पाडायचा. लगेच लावायचा नाही. मी तिला पाळी बदलायची पद्धत समजावली. तिने ती एकदाच ऐकली, परत विचारली नाही.

तेव्हापासून आत नेहमी दोनच दिवे. एक हे, आणि एक आम्हा दोघींतली जी आत असेल ती. हे म्हणतात, मला दुपारी डुलकी लागली की बायको बदलून सून होते, आणि सून जास्त मुकाट्याने पाणी पाजते. उष्मा अजून आहे. रेडिओ म्हणतो, उतरेल. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "सूज नाही, घाम येतो, लघवी होते, मग तुम्ही मला कशाला फोन करता?" आणि फोन ठेवला. बाई मला पुन्हा आवडायला लागली आहे.

आज काटा दोनदा पडला. दोन्ही वेळा मी वेळेत स्विच पाडला, दोन्ही वेळा थांबून लावला. हॉल तापत चालला होता, बादलीतलं पाणी कोमट झालं होतं, समोरच्या खिडकीबाहेर राजवाड्यावरचा तो उरलेला मोर उन्हात जळत होता, आणि भिंतीपलीकडे ती गुणगुण एका लयीत. मागे दार उघडल्याचा आणि लगेच लागल्याचा आवाज आला. मी वळले नाही. माझ्या मानेला काहीतरी लागलं. तळवा नाही, बोटांची मागची बाजू. तिथे जरा थांबली. "ताप नाही," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग खांद्यावर हात. मी काट्यावरची नजर काढली, पंचा तिच्या हातात दिला, आणि डावीकडून उठले. ती उजवीकडून बसली. ओल्या पायांनी मी खोलीचं दार उघडलं आणि आत शिरले, तर अंधारातून, पलंगावरून, उन्हाशी जुनी ओळख असलेला तो माणूस खणखणीत आवाजात ओरडला, "दार! दार लाव आधी, सगळी थंडी चाललीय!"